सायकियाट्रीत सोशल वर्कर म्हणून नवीन लागलात? मग कामाला अशी सुरुवात करा

सोशल वर्कचं शिक्षण संपवून तुम्ही सायकियाट्रीच्या वॉर्डात किंवा ओपीडीत रुजू होता, आणि पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो की इथे डॉक्टर आहेत, सायकॉलॉजिस्ट आहेत, सिस्टर आहेत, मग आपण नक्की करायचं काय? तेवढ्यात कोणीतरी येऊन सांगतं, "मॅडम, त्या पेशंटचे नातेवाईक फोन उचलत नाहीयेत, जरा बघा ना", मग कोणीतरी एक फॉर्म आणून देतं, मग अजून एक, आणि असं करत करत सगळ्यांना वाटायला लागतं की सोशल वर्कर म्हणजे फोन करणारी आणि फॉर्म भरणारी व्यक्ती. हळूहळू आपल्यालाही तसंच वाटायला लागतं आणि ते जास्त वाईट आहे. फोन आणि फॉर्म करावेच लागतात, त्यात कमीपणा काही नाही, पण त्याच्या पलीकडे जे काम आहे ते दुसरं कोणी करत नाही. आपण नाही केलं तर ते होतच नाही.

ते काम म्हणजे पेशंट हॉस्पिटलबाहेर कसा जगतो ते बघणं आणि तिथे काय बदलता येईल ते बदलणं. घरात कोण आहे, पैसे कुठून येतात, झोपायला जागा आहे का, भांडण कशावरून होतं, नोकरी टिकेल का, मुलं कोण सांभाळतंय, गोळ्या संपल्यावर परत आणायला कोण जाणार. आजारपणातून उठणं बऱ्याचदा या साध्या गोष्टींवर अडतं. आणि हे आपल्या क्षेत्राला काल कळलेलं नाही. बोस्टनच्या सायकोपॅथिक हॉस्पिटलमध्ये १९१३ च्या सुमारास मेरी जॅरेट यांनी सोशल सर्व्हिसचा विभाग उभा केला, १९१८ मध्ये स्मिथ कॉलेजमध्ये याचं वेगळं ट्रेनिंगही सुरू झालं, म्हणजे घरची माहिती काढणं आणि घरी गेल्यावर पाठपुरावा ठेवणं ही कामं शंभर वर्षांपेक्षा जुनी आहेत. पुढे १९७७ मध्ये डॉक्टर जॉर्ज एंगल यांनी बायोसायकोसोशल मॉडेल मांडलं, की आजार समजून घ्यायचा तर शरीर, मन आणि समाज तिन्ही बघावं लागतं. यातला तिसरा भाग टीममध्ये आपल्या वाट्याला येतो.

आता एकेक पायरी बघू.

पायरी १: कोण काय करतं ते आधी समजून घ्या

निदान आणि औषधं सायकियाट्रिस्टकडे, टेस्टिंग आणि थेरपी सायकॉलॉजिस्टकडे, रोजच्या हालचाली आणि कामाच्या सवयी परत बसवणं ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. हे तुम्हाला माहितीच असेल. पण एक सांगते, नाइट ड्यूटीच्या सिस्टरशी ओळख ठेवा. पेशंट रात्री किती वाजता उठतो, कोणाचं नाव घेतो, भेटायच्या वेळेला दाराकडे बघत बसतो का, भाऊ येऊन गेल्यावर चिडचिड वाढते का, हे त्यांना माहिती असतं आणि फाइलमध्ये यातलं अर्धं पण लिहिलेलं नसतं.

पायरी २: पहिली भेट पेशंटशीच, नातेवाईकांशी नंतर

नवीन लोक हमखास आधी नातेवाईकांकडे जातात, कारण ते बोलतात, सलग सांगतात, आणि पेशंट कदाचित बोलतच नाही. पण आधी नातेवाईकांचं ऐकलंत की त्यांची गोष्ट डोक्यात बसते आणि मग पेशंटचं प्रत्येक वाक्य आपण त्या चष्म्यातून ऐकतो. शिवाय पेशंट बघत असतो ना, की ही बाई आधी माझ्या भावाशी अर्धा तास बोलली आणि मग माझ्याकडे आली. विश्वास तिथेच गेला. म्हणून आधी दहा मिनिटं का होईना, पेशंटजवळ बसा. उभं राहून बोलू नका, खुर्ची ओढा, आणि अगदी साधं सांगा, "नमस्कार, मी इथली सोशल वर्कर. औषधांचं डॉक्टर बघतात, मी घरचं, कामाचं, पैशाचं, पुढे काय करायचं ते बघते. आता बोलावंसं वाटत नसेल तर मी दुपारी येईन."

आणि दुपारी जाच. येते म्हणून न जाणं हे या कामात सगळ्यात महाग पडतं.

गुप्ततेचं पहिल्याच भेटीत सांगून टाका आणि खोटं वचन देऊ नका. "तुम्ही सांगाल ते कोणालाच सांगणार नाही" असं म्हणायचं नाही, कारण ते पाळता येणार नाही. असं म्हणा: "तुम्ही सांगाल ते टीममध्येच राहील. तुमच्या घरच्यांना काय सांगायचं ते तुम्हाला विचारून ठरवू. पण तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला ते डॉक्टरांना सांगावंच लागेल."

आता पेशंट म्हणाला की शेजारच्यांनी माझ्या घरात माइक लावलाय, तर? वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण करायचं नाही. दोन्हीने नुकसानच होतं. त्याच्या त्रासाकडे जायचं. "असं वाटत असताना झोप कशी लागणार हो, रात्री मग काय करता?" समजा तो सांगतो की मी स्विचबोर्ड उघडून बघतो, दोन खोल्यांचे तर काढूनच टाकलेत. बघा, एका प्रश्नातून किती कळलं. घरात दोन खोल्यांत अंधार आहे, वायरी उघड्या आहेत, तो रात्रभर जागा असतो, घरात याच गोष्टीवरून भांडण होत असणार, आणि लहान मुलं असतील तर त्यांना शॉक लागायचा धोका आहे. यातली एकही गोष्ट "आवाज ऐकू येतात का" या प्रश्नाच्या उत्तरात आली नसती.

अजून एक प्रश्न मी कधीच सोडत नाही: "ॲडमिट व्हायच्या आधीचा एखादा साधा दिवस आठवा, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंत?" यात कोण भेटलं, कोण भेटलं नाही, अंघोळ झाली का, बाहेर पाय पडला का, फोन कोणाचा आला, सगळं येतं. आणि हा प्रश्न कोणाला टोचत नाही.

पायरी ३: नातेवाईकांकडून हिस्टरी

शक्य असेल तर किमान दोन जणांकडून घ्या आणि वेगवेगळी घ्या. सुरुवात "कधीपासून आजारी आहे" इथून करू नका, "पूर्ण बरा होता असं शेवटचं कधी आठवतं" असं विचारा. मग तिथून पुढे क्रमाने या. झोप कधी बिघडली, कामावर जाणं कधी कमी झालं, मित्र कधी तुटले, आधी कुठे दाखवलं, कोणती औषधं दिली, कोणी बंद केली आणि का बंद केली. हा शेवटचा "का" महत्त्वाचा. पैसे संपले म्हणून बंद केली, बरं वाटलं म्हणून केली, की वजन वाढलं म्हणून केली, या तिन्हींवर करायचं काम वेगवेगळं आहे.

आणि मग ते वाक्य येतं जे तुम्ही नोकरीभर ऐकणार आहात: "तो मुद्दाम करतो."

समजा स्किझोफ्रेनियाचा तरुण मुलगा आहे, कानात ऐकू येणारे आवाज औषधाने कमी झालेत, पण दिवसभर पडून असतो, अंघोळ करत नाही, कोणाशी बोलत नाही. आई म्हणते, "आता आजार कुठाय? नुसता आळस. जेवायला बरोबर उठतो." इथे "काकू, तसं नसतं" एवढं म्हणून भागणार नाही. तिला विचारा, "काकू, आधी कसा होता हा?" ती सांगेल, सकाळी उठून व्यायाम करायचा, मित्रांशिवाय राहायचा नाही. मग तिला सांगता येतं की आवाज येणं हा आजाराचा एक भाग झाला आणि मनातली उमेदच विझून जाणं हा दुसरा भाग, तो दिसत नाही म्हणून आळस वाटतो. औषधाने पहिला भाग लवकर आवरतो, दुसरा आवरायला खूप वेळ लागतो आणि कधीकधी औषधाची सुस्ती पण त्यात मिसळते, ते डॉक्टरांना सांगायचं. आई गप्प होते, कधी रडते. कारण इतके दिवस ती त्याच्यावर ओरडत होती. तेव्हा लगेच पुढे सांगा की तुम्हाला हे कोणी सांगितलंच नव्हतं, तुमचा दोष नाही.

हे असं सविस्तर सांगायचं कारण आहे. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या पेशंटचा अभ्यास केला, त्यात दिसलं की काही पेशंट आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेल्यावर, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडले. पुढच्या अभ्यासांतून कळलं की घरात सतत टीका, राग, किंवा अति काळजी करून माणसाला श्वास घेऊ न देणं असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढतं, आणि आठवड्यात ३५ तासांपेक्षा जास्त वेळ असे लोक समोरासमोर असतील तर आणखीनच. घरातल्या या टीका, राग आणि अति काळजीला एक्सप्रेस्ड इमोशन म्हणतात. पण कृपा करून हे ज्ञान घरच्यांच्या अंगावर टाकू नका. टीका करणारी माणसं वाईट नसतात, दमलेली असतात, घाबरलेली असतात. त्यांना करता येईल असं सांगा: एका वेळी एकच काम सांगायचं, छोट्या वाक्यात सांगायचं, "तू नेहमी असाच" ऐवजी "आज अंघोळ केलीस तर मला बरं वाटेल", आणि दिवसातला काही वेळ दोघांनी वेगवेगळं राहायचं. तो डे केअरला, म्हणजे पेशंटसाठीच्या दिवसाच्या केंद्रात जाईल, किंवा आई संध्याकाळी तासभर बाहेर पडेल. आईने बाहेर पडणं ही चैन नाही, तो उपचाराचाच भाग आहे असं स्पष्ट सांगा, नाहीतर ती पडणार नाही.

एक सावधानता. पेशंट बाई असेल आणि सगळी उत्तरं नवराच देत असेल तर तिला एकटीला भेटल्याशिवाय हिस्टरी पूर्ण झाली असं समजू नका. घरात मारहाण आहे का, पैसे हातात देतात का, फोन कोणाकडे असतो, हे ती एकटी असतानाच विचारायचं. घरच्या छळातून आलेलं डिप्रेशन नुसत्या गोळ्यांनी हटत नाही, आणि तिला त्याच घरी परत पाठवायचा प्लॅन आपणच बनवत असतो, हे विसरू नका.

पायरी ४: कागदावर चित्र काढा

तीन पिढ्यांचा जीनोग्राम, म्हणजे घरातल्या माणसांचा आणि नात्यांचा नकाशा, आणि एक इकोमॅप. जीनोग्राम तुम्ही कॉलेजात काढलाच असेल. इकोमॅप १९७५ मध्ये ॲन हार्टमन यांनी तयार केला, मधे पेशंटचं घर आणि भोवती गोल, एकेका गोलात नोकरी, मित्र, शेजार, दवाखाना, शाळा, नातलग. जिथे नातं घट्ट तिथे जाड रेघ, नातं विरळ तिथे तुटक रेघ, ताण तिथे छोट्या आडव्या रेघांनी छेदलेली रेघ. हे पेशंटलाच पेन देऊन काढायला लावा. बरेच जण चित्र संपल्यावर स्वतःच म्हणतात की माझ्या सगळ्या जाड रेघा एकाच माणसाकडे जातात. तो माणूस आजारी पडला किंवा कंटाळला तर काय, यावर मग बोलता येतं.

पायरी ५: आत्महत्येबद्दल सरळ विचारा

नवीन लोकांना याची फार भीती वाटते, की विचारलं तर त्यांच्या डोक्यात येईल. येत नाही. यावर अभ्यास झालेत आणि थेट विचारल्याने धोका वाढतो असं त्यात दिसलेलं नाही, उलट कितीतरी लोकांना सुटल्यासारखं वाटतं, की चला, कोणीतरी विचारलं. आडून आडून विचारू नका. "असं काही मनात येत नाही ना?" हा प्रश्न तर नकोच, त्यात "नाही" हे उत्तर आपणच देऊन ठेवलेलं असतं. विचारा, "इतका त्रास होतोय, तर जीव द्यावा असं मनात येतं का?" हो म्हणाले तर पुढे: किती वेळा येतं, कसं करायचं ते ठरवलंय का, त्याची तयारी केलीये का, आधी कधी प्रयत्न केला होता का, आणि आजवर कशामुळे थांबलात. हा शेवटचा प्रश्न सोडू नका, पुढचा सगळा प्लॅन त्यावर उभा राहतो.

धोका आहे असं वाटलं तर एकट्याने निर्णय घ्यायचा नाही, पेशंटला एकटं सोडायचं नाही, लगेच डॉक्टरांना सांगायचं आणि लिहून ठेवायचं.

मग सेफ्टी प्लॅन. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी तयार केलेला आराखडा जगभर वापरतात, त्यात सहा भाग आहेत: त्रास वाढतोय हे कशावरून कळतं, तेव्हा एकट्याने काय करून बघायचं, मन दुसरीकडे जाईल अशी माणसं आणि जागा कोणत्या, मदत मागता येईल अशी जवळची माणसं, डॉक्टर आणि हेल्पलाइनचे नंबर, आणि आजूबाजूची घातक साधनं दूर कशी करायची. हा कागद पेशंटच्या शब्दांत लिहायचा. त्याने "छातीत गच्च होतं" म्हटलं तर तेच लिहा, "अँग्झायटी वाढणे" असं लिहू नका, रात्री दोन वाजता त्याला त्याचेच शब्द ओळखू येणार आहेत. घरात गोळ्यांचा मोठा साठा ठेवायचा नाही, आठवड्यापुरत्या बाहेर आणि बाकीच्या घरातल्या एका माणसाकडे, हे त्याच्या समोरच आणि त्याच्या संमतीने ठरवा.

पायरी ६: होम व्हिजिट

आधी कळवून जा, आणि पेशंटच्या इच्छेशिवाय जाऊ नका, जिवाचा धोका असेल तो अपवाद. गाडीवर हॉस्पिटलचं नाव असेल तर थोडी लांब लावा, गळ्यातलं ओळखपत्र खिशात घाला, शेजाऱ्याने विचारलं तर "ओळखीचे आहेत" इतकंच. या आजाराला चिकटलेली लाज आपण पेशंटच्या दारापर्यंत नेऊन ठेवायची नाही. पहिल्यांदा जाताना सोबत कोणीतरी घ्या, ऑफिसात कुठे चाललोय आणि कधी परतणार ते सांगून जा, आणि घरात बसताना दाराजवळची जागा बघा.

तिथे जाऊन तपासणी करायला आल्यासारखं वागू नका, पण डोळे उघडे असू द्या. पेशंट कुठे झोपतो, खोलीला कडी आतून आहे की बाहेरून, औषधं कुठे ठेवलीत, पाकिटातल्या किती गोळ्या शिल्लक आहेत आणि तारखेनुसार किती असायला हव्यात. पेशंटला कोंडून किंवा बांधून ठेवलेलं दिसलं तर तिथल्या तिथे आरडाओरडा करू नका, दार बंद झालं तर तुम्हाला परत आत जाता येणार नाही. घरच्यांना कशाची भीती वाटते ते ऐकून घ्या, पण त्याच दिवशी टीमला कळवा आणि कायद्याने जे करायचं ते करा, "पुढच्या वेळी बघू" असं नाही.

पायरी ७: टीम मीटिंगमध्ये बोला, आणि नीट लिहा

मीटिंगमध्ये सोशल वर्कर गप्प बसला की सगळी चर्चा डोसवर संपते. तुमच्याकडची माहिती थोडक्यात मांडा आणि शेवटी तुमचं मत द्या. उदाहरणार्थ: "घरी फक्त वयस्कर वडील आहेत, त्यांना कमी दिसतं, तीन वेळच्या गोळ्या ते देऊ शकणार नाहीत, रात्री एकदाच देता येतील असं काही होईल का?" डॉक्टर याचा विचार करतात. त्यांना वडिलांना कमी दिसतं हे माहितीच नव्हतं.

लिहिताना शेरे मारू नका. "पेशंट सहकार्य करत नाही" यातून पुढच्या माणसाला काय कळणार? "दोनदा भेटायला गेले, पेशंट तोंडावर पांघरूण घेऊन झोपून होता, दुपारी थोडं बोलला, बहिणीचं नाव घेऊन रडला" असं लिहा. आणि लिहिताना मनात धरा की हा कागद उद्या पेशंट स्वतः वाचू शकतो.

पायरी ८: औषधांबद्दल आपली हद्द आणि आपलं काम

डोस बदलायचा सल्ला आपण कधीही द्यायचा नाही, अर्धी गोळी घेऊन बघा असंसुद्धा नाही. पण औषध का घेतलं जात नाही हे शोधणं आपलं काम आहे. लोक डॉक्टरांना लाजतात आणि आपल्याला सांगतात: वजन वाढलं, अंग कडक होतं, पाय एका जागी ठरत नाहीत, लैंगिक संबंधात अडचण येते. हे ऐकून घ्या आणि पेशंटला विचारून डॉक्टरांपर्यंत पोचवा. थोडं ज्ञान असू द्या. डिप्रेशनच्या गोळ्यांचा नीट परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात "काहीच फरक नाही" म्हणून लोक सोडतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण किमान सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्याला जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं, लगेच डॉक्टर गाठायचा. क्लोझापिनवर (हे स्किझोफ्रेनियाचं औषध) असलेल्या पेशंटची रक्ततपासणी चुकवायची नाही. हे घरच्यांना माहिती आहे का, ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या, "कळलं ना?" विचारलं की सगळेच हो म्हणतात.

पायरी ९: डिस्चार्ज

माझ्या मते सोशल वर्करचं सगळ्यात महत्त्वाचं काम इथे आहे, आणि हेच सगळ्यात घाईत उरकलं जातं. डिस्चार्जचा विचार ॲडमिशनच्या दिवसापासून करायचा. हॉस्पिटलमधून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे, त्यातही पहिला आठवडा, आत्महत्येच्या दृष्टीने फार धोक्याचा असतो, म्हणूनच इंग्लंडमध्ये सुट्टी मिळाल्यापासून ७२ तासांच्या आत फॉलोअप व्हावा असा निकष ठेवलाय. तुमच्याकडे असा नियम असो नसो, तुम्ही तो स्वतःला लावून घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक फोन, त्याला किती वेळ लागतो?

पेशंट दारातून बाहेर पडायच्या आधी या गोष्टींची उत्तरं तुमच्याकडे हवीत: गोळ्या आज रात्रीच्या हातात आहेत का आणि पुढच्या कुठून मिळणार, पुढची अपॉइंटमेंट तारीख-वेळेसकट कागदावर आहे का, तिथपर्यंत जायला गाडीभाडं आहे का, सोबत कोण येणार, परत त्रास सुरू झाला तर आधी कोणती लक्षणं दिसतात आणि ती दिसली की कोणी कोणाला फोन करायचा. आधीची लक्षणं प्रत्येकाची वेगळी असतात. कोणी रात्री कपाट आवरायला लागतो, कोणी फोन बंद करून ठेवतो, कोणी अचानक सगळ्यांना पैसे वाटत सुटतो. घरच्यांना हे माहिती असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं. कागदावर लिहा, एक प्रत घरी, एक फाइलला.

जे पेशंट परत परत ॲडमिट होतात त्यांच्यासाठी नुसत्या अपॉइंटमेंटवर भागत नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅडिसन इथे लेनर्ड स्टाइन आणि मेरी ॲन टेस्ट यांनी हॉस्पिटलची अख्खी टीमच पेशंट राहतो तिथे नेली, बाजारहाट, घरभाडं, औषधं सगळ्यात सोबत राहून मदत केली, आणि ॲडमिशन बरीच कमी झाली. तेवढी माणसं तुमच्याकडे नसतील, पण त्यातलं एक घेता येतं, पेशंट आला नाही तर "आला नाही" असं लिहून फाइल बंद करायची नाही, आपण शोधायला जायचं.

पायरी १०: काम, पैसा, हक्क

बरा झाल्यावर काम बघू असं सगळे म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी उलटं केलं, ज्याला काम करायचंय त्याला आधी त्याच्या आवडीची खरी नोकरी शोधून द्यायची आणि मग नोकरीवर असताना साथ द्यायची. पुढे कितीतरी देशांत यावर अभ्यास झाले आणि आधी लांबलचक ट्रेनिंग देण्यापेक्षा यात जास्त लोक कामाला लागले. म्हणून पेशंट "मला काम करायचंय" म्हणाला तर त्याला थांबवू नका, कमी तासांचं शोधा, झोपेच्या गोळीचा विचार करून सकाळची शिफ्ट टाळा, आणि मालकाला आजाराबद्दल सांगायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.

तुमच्या भागात उपचाराची मोफत सोय, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, पेन्शन, कायदेशीर मदत काय काय मिळते त्याची एक वही करा, कागदपत्रं कोणती लागतात, कोणत्या खिडकीवर, कोणत्या वारी. ही वही तुमच्या डिग्रीइतकीच कामाला येईल. आणि एक गोष्ट पक्की डोक्यात असू द्या की निदान झालं म्हणून माणसाचा निर्णय घ्यायचा हक्क जात नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो करार स्वीकारला त्यात मानसिक आजारही येतात, आणि त्याचा सूर हाच आहे की माणसाला निर्णय घ्यायला मदत करायची, त्याच्या वतीने उरकून टाकायचं नाही. जमिनीच्या कागदावर सही हवी म्हणून "हा वेडा आहे असं लिहून द्या" म्हणणारे नातलग भेटतील. शांतपणे नाही म्हणायचं.

पायरी ११: स्वतःचं

महिन्यातून ठरलेल्या वेळी एखाद्या सीनियरशी केसेसवर बोलणं होईल असं बघा, संस्थेत तशी सोय नसेल तर दोन-चार सोशल वर्कर मिळून गट करा. स्वतःचा पर्सनल नंबर पेशंटला देऊ नका, ड्यूटीचा नंबर द्या आणि त्यावर कधी बोलता येईल ते सांगा. पेशंटला उसने पैसे देऊ नका, कितीही वाईट वाटलं तरी, त्याऐवजी त्याच दिवशी मदतीची जागा शोधून द्या. एखाद्या पेशंटने जीव दिला तर त्या दिवशी एकटे घरी जाऊ नका, टीमसोबत बसा, बोला. त्याच्या घरच्यांनाही नंतर भेटा, ते येतील न येतील, आपण विचारायचं.

पायरी १२: केस बंद करताना

एक दिवस पेशंट स्थिरावतो आणि तुमची गरज कमी होते. तेव्हा भेटी एकदम थांबवू नका. आठवड्याची पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्या, आणि शेवटची भेट कधी आहे ते दोन भेटी आधीच सांगा. न्यूयॉर्कमध्ये बेघर पेशंटसाठी तयार झालेल्या क्रिटिकल टाइम इंटरव्हेन्शनमध्ये नऊ महिन्यांचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यात वर्कर थोडा थोडा मागे सरकतो, त्याची जागा घरची, शेजारची, जवळच्या दवाखान्याची माणसं घेतात. तसंच करा. शेवटच्या भेटीत आधीच्या लक्षणांचा तो कागद परत काढा, त्यातले फोन नंबर अजून चालू आहेत का ते समोरच लावून बघा, बदलले असतील तर नवे लिहा, आणि तुमच्या जागी दुसरं कोणी येणार असेल तर त्या व्यक्तीला त्याच दिवशी सोबत घेऊन जाऊन ओळख करून द्या.